बदामाचं अंडं, खिम्याचा हेजहॉग: मध्ययुगीन युरोपातले चकवे घरच्या ओट्यावर

मी हे अंडं पहिल्यांदा टेबलावर ठेवलं तेव्हा माझ्या मावसभावाने सवयीप्रमाणे ते स्वतःच्या कपाळावर आपटून फोडलं. आत पांढरं, मध्ये पिवळा बलक, सगळं जागच्या जागी. वर मीठ-मिरपूड भुरभुरवून त्याने अर्धं अंडं तोंडात टाकलं आणि थांबला. मग हळूच म्हणाला, "हे गोड आहे." बदाम, साखर, केशर, दालचिनी. कोंबडीचा संबंध कवचापुरता.

कल्पना माझी नाही. साधारण १४३०च्या सुमाराला इंग्लंडमध्ये लिहिलेल्या एका पाककृतींच्या हस्तलिखितात हा पदार्थ आहे. हस्तलिखित आता ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि जाणकार त्याला 'हार्लियन २७९' या क्रमांकाने ओळखतात. पदार्थाचं नाव 'आयरून इन लेंटन', म्हणजे लेंटमधली अंडी. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ. त्यात मांस, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. मासे चालत आणि बदाम चालत. मग आचारी बदामाचं दूध काढायचे, त्याची साय करायचे, आणि एखादा खट्याळ आचारी त्याचं अंडंच करून ठेवायचा. एकादशीला भगरीचा डोसा आणि साबुदाण्याचा वडा करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जे खायचं नाही त्याच्याच आकाराचं काहीतरी खायचं, ही हौस आपल्याला चांगलीच ओळखीची आहे.

चकव्याचं दुसरं कारण उपवासाच्या अगदी उलट टोकाला होतं: थाटमाट. श्रीमंतांच्या मेजवानीत एक फेरी संपून दुसरी येण्याआधी काहीतरी डोळे दिपवणारं आत आणायचं. फ्रेंच त्याला 'आंत्रमे' म्हणत, इंग्रज 'सटल्टी'. १४२९मध्ये सहाव्या हेन्रीचा वेस्टमिन्स्टरला राज्याभिषेक झाला. त्या मेजवानीतल्या पहिल्या सटल्टीत इंग्लंडचे संत एडवर्ड आणि फ्रान्सचे संत लुई यांच्या मध्ये बालराजा उभा केला होता. फ्रान्सच्या गादीवर आमचा हक्क आहे, हे जेवणाच्या मधोमध सांगून टाकलं. १७ फेब्रुवारी १४५४ला लील शहरात बर्गंडीच्या फिलिपने दिलेल्या मेजवानीत एका अवाढव्य 'पाय'मध्ये (इंग्रजी पाय, म्हणजे पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ) २८ वादक बसवले होते. ते तुम्ही-मी करणार नाही. पण यातले पाच-सहा छोटे चकवे आपल्या ओट्यावर सहज होतात.

आधी वर्ष ठरवा

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे 'जुन्या काळातलं काहीतरी' करायला घेणं. मध्ययुग आणि पुनरुज्जीवनाचा काळ (रेनेसाँ) मिळून हजारेक वर्षं होतात. १३९०च्या टेबलावर १६००ची साखरेची कलाकुसर ठेवणं म्हणजे शिवाजी महाराजांच्या नाटकात पात्राच्या मनगटाला घड्याळ दिसण्यासारखं. म्हणून एक वर्ष निवडा आणि ते कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. माझ्या फ्रीजवर बहुतेक वेळा '१४३०, इंग्लंड' असतं.

मग प्रत्येक पदार्थाला तीन प्रश्न विचारा. हे जिन्नस त्या आचाऱ्याला मिळत होते का? हे त्याच्या साधनांनी करता आलं असतं का? आणि ते करायला त्याच्याकडे काही कारण होतं का? तिन्हींचं उत्तर 'हो' आलं, तर पाककृती शब्दशः कुठे लिहिलेली नसली तरी पदार्थ पटण्यासारखा होतो. लोक तिसरा प्रश्न विसरतात. कपकेकवर मॅश्ड पोटॅटोचं आयसिंग घालून 'मध्ययुगीन गंमत' म्हणून वाढलेलं मी पाहिलं आहे. त्यात बटाट्याचा गुन्हा आहेच, पण त्याहून मोठा गुन्हा हा, की ज्याची नक्कल केली तो पदार्थच तेव्हाच्या पाहुण्याला माहीत नव्हता. ओळखीची वस्तू दिसल्याशिवाय चकवा लागत नाही.

जिनसांच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकघरात सापळे फार. बटाटा, टोमॅटो, मिरची, मका, कोको, व्हॅनिला हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं, म्हणजे १४९२नंतरचं. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पाय घसरतो तो काजूवर. मार्झिपान म्हटलं की गोव्यातल्या आणि वसईच्या ख्रिस्ती घरांतलं नाताळचं काजूचं मार्झिपान आठवतं. ते उत्तमच लागतं. पण काजू ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आणलेला. १४३०च्या टेबलावर बदामच हवेत, आणि हो, खिशाला चाट बसतेच.

पहिला चकवा: लेंटमधलं अंडं

सुरुवात इथूनच करा. ओव्हनवाचून होतं, शाकाहारी लोक खातात (कवचाबद्दल मात्र आधी विचारा) आणि बिघडलं तरी वाटीत घालून बदामाचं श्रीखंड म्हणून खपतं. हे माप पाच अंड्यांचं.

१. अंड्याच्या निमुळत्या टोकाला टाचणीने बारीक भोक पाडा आणि रुंद टोकाला रुपयाच्या नाण्याहून लहान तोंड करा. फुंकून आतलं सगळं भांड्यात काढा. फेकू नका, पुढच्या पदार्थाला लागणार आहे. कवचं कोमट पाण्याने धुवा, आतला पापुद्रा बोटाने सोडवा आणि कवचं दहा मिनिटं पाण्यात उकळा. मूळ कृतीत नुसतं गरम पाण्याने धुवायला सांगितलंय. उकळणं माझं, पोटाच्या भल्यासाठी.

२. ३०० ग्रॅम बदाम दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून सोला. ७५० मिलीलीटर कोमट पाणी थोडं थोडं घालत मिक्सरमध्ये अगदी गंधासारखे वाटा आणि मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळून घ्या. आचारी हे खलबत्त्यात करायचा आणि त्याच्या हाताखाली पोरं असायची. आपल्याकडे मिक्सर आहे, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

३. दूध जाड बुडाच्या पातेल्यात चिमूटभर मीठ घालून उकळा. सतत ढवळा, ते गाईच्या दुधाहून लवकर लागतं. उकळी आली की गॅस बंद करून दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. दहा मिनिटांत ते रवाळ फाटतं. लेंटच्या अंड्याच्या कृतीत व्हिनेगर लिहिलेलं नाही, पण त्या काळच्या बदामाच्या सायीच्या कृतींत ते येतं, म्हणून मी बिनधास्त घालते. मग फडक्यात बांधून चार तास टांगा. चक्का बांधता येणाऱ्याला यात शिकण्यासारखं काही नाही.

४. उतरलेल्या चक्क्यात पन्नासेक ग्रॅम पिठीसाखर मिसळा. हस्तलिखित म्हणतं, यातला अर्धा भाग केशराने रंगवा. अर्धा फार होतो. मी एक तृतीयांश घेते. केशर पाण्यात किंवा दुधात भिजवू नका, बलक सैल पडतो. कोरडं केशर चमचाभर साखरेबरोबर खलात घोटा, पिवळी-नारिंगी पूड होईल, ती मिसळा. दालचिनीची पूड दोन चिमटी. जास्त झाली तर बलक जास्त उकडलेल्या अंड्यासारखा मळकट दिसतो. रंग घालून झाला की सुपारीएवढ्या गोळ्या वळा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

५. कवचं तोंड वर करून वाटीतल्या तांदळात रोवा. तळाला पांढरा चक्का, मध्ये पिवळी गोळी, वर पुन्हा पांढरा. बारीक चमच्याच्या मागच्या टोकाने दाबत भरा, नाहीतर आत पोकळी राहते आणि अंडं फोडल्यावर गुपित आधीच फुटतं.

६. मूळ कृतीत हे विस्तवावर भाजलंय. ओव्हन असेल तर १५० अंशांवर पंधरा मिनिटं. नसेल तर जाड कढईत मिठाचा दोन बोटं थर द्या, त्यात अंडी उभी रोवा आणि झाकण ठेवून मंद आचेवर वीसेक मिनिटं. मग पूर्ण गार करा. गार झाल्याशिवाय ते अंड्यासारखं कापलं जात नाही.

हस्तलिखितात एक सूचना आहे: काठोकाठ भरू नका, उतू जाईल. सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा हा सल्ला मी पहिल्या वेळी वाचून सोडून दिला. पाचही अंड्यांच्या तोंडातून भुईछत्रासारखे गोळे वर आले. शिवाय चक्का मी दीडच तास टांगला होता. तो सैलावून तळाच्या टाचणीच्या भोकातून ठिबकला आणि तांदळात जाऊन बसला. आता मी बोटाच्या एका पेराएवढी जागा रिकामी सोडते.

वाढताना तोंड खाली करून ठेवा. पाहुण्याला भोक दिसता कामा नये.

रंग कुठून आणायचे

बाटलीतले रंग बाजूला ठेवा. पिवळ्याला केशर. हळद नको. ती पिवळी असली तरी तेव्हाच्या युरोपी आचाऱ्याचा हात केशराकडेच जायचा, आणि हळदीचा वास पाहुण्याला थेट आपल्या घरी आणून सोडतो. हिरव्याला पार्सलीचा रस, ती मिळाली नाही तर पालक. काळ्याला मूळ कृतींत रक्त आहे, ते मी वापरत नाही.

लाल रंगाची गोष्ट जरा बघण्यासारखी आहे. इंग्रजी कृतींत 'सॉन्डर्स' नावाचा जिन्नस वारंवार येतो. ते आपलं रक्तचंदन. दक्षिण भारतातलं लाकूड अरबांच्या आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातांतून लंडनच्या मुदपाकखान्यापर्यंत पोचायचं. काष्ठौषधींच्या दुकानात ते मिळतं. पोटात घेण्यासाठी विकलेली स्वच्छ पूड मागा, लेपासाठीची नव्हे. एक अडचण आहे. रक्तचंदनाचा रंग साध्या पाण्यात जवळजवळ उतरतच नाही, मद्यार्कात उतरतो. मी चमचाभर ब्रँडीत रात्रभर भिजवते आणि गाळून घेते. रतनजोत या लाल मुळीचं उलट आहे. त्याचा रंग तेला-तुपात सुटतो, आणि रोगनजोश केलेल्या माणसाला ते माहीत असतं.

सोनेरी हवं असेल तर वर्ख. आपल्याकडे मिठाईवर लावतात तसाच तिकडे मेजवानीच्या पदार्थांवर सोन्या-चांदीचा वर्ख लावत. मात्र तेव्हाच्या शोभेच्या साखरकामावर काही वेळा चित्रकाराचे विषारी रंगही चढत. अस्सलपणाची हौस तिथे थांबवा.

दुसरा चकवा: हेजहॉग

इंग्रजीत 'इर्चन' म्हणजे हेजहॉग, मुठीएवढा काटेरी प्राणी. त्याच हार्लियन हस्तलिखितात कृती आहे: डुकराच्या जठराच्या पिशवीत मसाल्याचा खिमा भरून शिवायचा, सळईवर लावायचा, बदामाच्या तळलेल्या काड्या टोचून काटे करायचे आणि भाजायचा. शेवटी काहींना पिठाचा आणि बदामाच्या दुधाचा लेप, काही हिरवे, काही रक्ताने काळे.

पिशवी मिळणार नाही, मिळाली तरी घरचे मिळू देणार नाहीत. मी ५०० ग्रॅम बारीक खिमा घेते, चिकनचा किंवा मटणाचा. त्यात दीड चमचा सुंठपूड, चमचाभर मीठ, दोन चमचे साखर आणि फुंकून काढलेल्या अंड्यांतल्या दोनांचा पांढरा. साखर वाचून नाक मुरडू नका. मांसात साखर आणि सुंठ हीच त्या काळच्या जिभेची ओळख आहे, आणि इथे आलं-लसूण पेस्ट घातलीत तर तुमचा हेजहॉग मोहल्ल्यातल्या सीख कबाबाचा भाऊ होतो. लांबट पेरूच्या आकाराचे चार गोळे करा, एका टोकाला नाक ओढून घ्या. १८० अंशांवर वीस मिनिटं भाजा.

काटे आता. सोललेले बदाम कोमट असतानाच उभे चिरा, गार झाले की तुटतात. तुपात आणि चिमूटभर साखरेत हलके परता. अर्धवट भाजलेल्या गोळ्यात टूथपिकने भोक पाडून प्रत्येक काडी अर्धी आत, अर्धी बाहेर, सगळ्या मागच्या बाजूला कललेल्या. ताठ उभ्या काड्या लावल्या तर हेजहॉग न दिसता वाढदिवसाचा केक दिसतो. मूळ कृतीत काटे आधी टोचून मग भाजलंय, पण ओव्हनमध्ये ते पूर्ण वेळ ठेवले तर जळतात.

मग लेप. गव्हाचं पीठ बदामाच्या दुधात सैल कालवा. निम्म्यात पार्सलीचा रस घाला. काट्यांच्या मधून ब्रशने लावून पुन्हा ओव्हनमध्ये पाच मिनिटं, असे दोन-तीन हात. खिमा आतून मटणाचा असेल तर ७१ आणि चिकनचा असेल तर ७४ अंशांपर्यंत शिजला पाहिजे. थर्मामीटर नसेल तर एक गोळा बळी द्या आणि कापून बघा. डोळ्यांना काळ्या मनुका सगळे लावतात. कृतीत डोळ्यांचा उल्लेखच नाही. माझं मत: लावा. मनुका त्याच्या फडताळात होत्याच, आणि बिनडोळ्यांचा हेजहॉग मुलांना घाबरवतो.

बदाम वाटून केलेला गोड हेजहॉगही तुम्हाला शोधताना सापडेल. तो सुरेख असतो, पण त्याची प्रसिद्ध इंग्रजी कृती १७४७ची आहे. फ्रीजवरचा कागद बघा.

खिम्याचेच लहान गोळे करून त्यावर अंड्याचा बलक, पीठ आणि केशराचा लेप चढवला की 'पोम दोरे', म्हणजे सोन्याची सफरचंदं. शाकाहारी मंडळींसाठी १३९०च्या आसपासच्या इंग्रजी दरबारी संग्रहात एक सोपी गंमत आहे: अंजीर, खजूर, मनुका, अख्खे बदाम सळईवर ओवायचे, भाजायचे आणि त्याच पिवळ्या लेपाने मढवायचे. दिसायला भाजलेली आतडी-कलेजी. लेपात अंडं आहे हे मात्र सांगा.

तिसरा चकवा: साखर (पण मग वर्ष बदला)

आता कागदावर १६०० लिहा. सोळाव्या शतकात साखर श्रीमंतांच्या टेबलावर मुबलक दिसू लागली आणि चकव्यांचं केंद्र मांसाकडून साखरेकडे सरकलं. १५७४मध्ये फ्रान्सचा तिसरा हेन्री व्हेनिसला आला तेव्हा त्याच्यासाठी मांडलेल्या टेबलावर ताटं, सुऱ्या, पाव, हातरुमाल सगळं साखरेचं होतं. राजाने रुमाल उचलला तो हातात मोडला, तेव्हा कुठे त्याला कळलं असं सांगतात.

त्याच्या आधी, १५५५मध्ये, व्हेनिसलाच छापलेल्या, आलेस्सिओ पिएमोंतेसे या नावाने लिहिलेल्या 'गुपितांच्या' पुस्तकात या साखरेच्या लगद्याची कृती आली. माप गोड आहे: चार औंस साखरेला घेवड्याच्या बीएवढा भिजलेला डिंक, अक्रोडाच्या टरफलात मावेल इतका लिंबाचा रस आणि थोडा अंड्याचा पांढरा. डिंक म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवातला नव्हे. आपण उन्हाळ्यात सरबतात घालतो तो गोंद कतीरा. तो गुलाबपाण्यात रात्रभर फुगवा आणि फडक्यातून दाबून गाळा. ११५ ग्रॅम बारीक पिठीसाखर चाळून घ्या, त्यात गाळलेला चमचाभर लगदा आणि एक चमचा लिंबाचा रस घालून पुरीच्या पिठासारखं घट्ट मळा. कच्च्या अंड्याचा पांढरा मी गाळते. लगदा सुटत असेल तर साखर वाढवा. मळताना वर ओलं फडकं झाकून ठेवा, पाच मिनिटांत पापड होतो.

नवशिक्याने ताटलीच्या मागे लागण्याआधी अक्रोड करावा. लगद्यात दालचिनीची पूड मिसळून बदामी रंग आणा. अक्रोडाची रिकामी अर्धी टरफलं स्वच्छ धुऊन वाळवा, आतून बदामतेलाचं बोट फिरवा, दोन मिलीमीटर जाडीची पोळी लाटून आत दाबा, काठ सुरीने कापा. तासाभराने हलकेच काढा आणि दोन दिवस वाळू द्या. आतला खडबडीतपणा उलट बाजूने उमटतो, म्हणून बाहेरच्या सुरकुत्या टूथपिकने कोरून घ्या. दोन वाट्यांमध्ये बडीशेपेच्या साखरगोळ्या आणि एका ओळीचा शेर लिहिलेली कागदाची सुरळी ठेवा, कडेला डिंकाचं पाणी लावून मिटा. इंग्रजी गृहिणींच्या पुस्तकांत १६०८च्या सुमाराला असाच अक्रोड सापडतो, आत चिठ्ठीसकट.

त्या साखरगोळ्यांचं इंग्रजी नाव 'कम्फिट'. मी त्या पहिल्यांदा केल्या तेव्हा आई सांगलीहून आली होती. परातीत बडीशेप, खाली मंद आच, पळीने पाक सोडायचा, हाताने दाणे फिरवत राहायचे, वाळले की पुन्हा पाक. मी पुस्तकातल्या सूचना मोठ्याने वाचत होते. आईने चष्मा कपाळावर चढवला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "अगं, हा काटेरी हलवा आहे. तीळ कुठे गेले?" मग तिने माझ्या हातून परात घेतली आणि माझ्या तासाभराच्या गुठळ्या बोटांनी सुट्या केल्या. ह्यू प्लॅट नावाच्या इंग्रज गृहस्थाने १६००च्या सुमाराला लिहून ठेवलंय की पाक जितका गरम आणि जितक्या उंचावरून सोडाल तितका दाणा खडबडीत होईल. संक्रांतीला हलव्याचे दागिने करणाऱ्या घरातून आलेल्यांनी हा भाग वाचायचीही गरज नाही. फक्त तिळाच्या जागी बडीशेप किंवा धणे घ्या, ते तिथल्या कृतींत येतात.

अजून एक सोपा प्रकार: मार्झिपानचं बेकन. २५० ग्रॅम बदाम आणि २०० ग्रॅम साखर गुलाबपाण्यावर वाटून मऊ गोळा करा, निम्म्याला रक्तचंदनाचा रंग द्या, पांढऱ्या-लाल पोळ्या एकावर एक असमान जाडीत रचा आणि सगळे थर दिसतील असे वरून खाली पातळ काप काढा. थर एकसारखे नकोत. खरी चरबी कधी एकसारखी नसते.

हे सगळं पुण्या-मुंबईत जून ते सप्टेंबर करू नका. साखरेची ताटली मी एकदा ऑगस्टमध्ये केली. चौथ्या दिवशी तिचा काठ खाली वाकला होता.

जिवंत पक्ष्यांची पाय

लोक हटकून विचारतात म्हणून. सोळाव्या शतकाच्या इटालियन कृतीत युक्ती अशी आहे: उंच भिंतींचं पिठाचं पोकळ कवच करायचं, बुडाला मुठीएवढं भोक ठेवायचं, आत नुसतं पीठ भरून भाजायचं, मग भोकातून पीठ काढून टाकायचं. त्या भोकातून एक छोटी खरी पाय आत बसवायची आणि भोवती पक्षी सोडायचे. म्हणजे पक्षी कधीच भाजले जात नव्हते. तुम्ही कवच आणि आतली खरी पाय करा, पक्षी साखरेच्या लगद्याचे ठेवा. खरे पक्षी कोंडू नका. ते क्रूर आहे, आणि घाबरलेला पक्षी अन्नावर काय करतो हे वेगळं सांगायला नको.

मोर शिजवून पुन्हा पिसांच्या कातड्यात बसवणं आणि चोचीत कापूर पेटवणं, हेही त्या काळच्या पुस्तकांत आहे. मोर मारणं आपल्याकडे गुन्हा आहे, कच्चं कातडं शिजलेल्या मांसावर चढवणं घातक आहे, आणि देवघरातला कापूर खाण्याचा नसतो. पुढे.

वाढण्याच्या दिवशी

चकवा डोळ्यांना द्यायचा असतो. पोटाला दिलात तर पाहुणा पुन्हा येत नाही. बदाम सगळीकडे आहेत आणि काहींना ते जिवावर बेततात, म्हणून निमंत्रणातच 'बदाम, अंडं, मांस, मद्यार्क कशात आहे' याची यादी द्या. पदार्थाचं नाव न सांगताही ती देता येते. मी टेबलाच्या एका टोकाला पालथ्या चिठ्ठ्या ठेवते. ज्याला माहिती हवी तो उलटून बघतो, ज्याला फसायचंय तो बघत नाही. शाकाहारी पाहुण्यांचं टेबल वेगळं मांडा. मांसासारखं दिसणारं फळ आणि फळासारखं दिसणारं मांस एकाच ताटात आलं की कुणीतरी दुखावतं. माझ्याकडे एका काकूंनी सोन्याचं सफरचंद उचललं होतं, मी धावत जाऊन हातातून काढून घेतलं.

वेळापत्रक उलट्या दिशेने आखा. साखरगोळ्या आठवडाभर आधी, अक्रोड चार दिवस आधी, बदामाचा चक्का आदल्या दिवशी सकाळी, अंडी आदल्या रात्री. हेजहॉगची तयारी त्याच दुपारी, भाजणं पाहुणे चपला काढत असताना. पहिल्या मेजवानीत दोनच चकवे ठेवा आणि बाकीचं जेवण साधं, ओळखीचं राहू द्या. सगळंच फसवं असलं की लोक पाण्याच्या पेल्याकडेही संशयाने बघतात.

पिएमोंतेसेच्या पुस्तकात शेवटी म्हटलंय की जेवण झाल्यावर ताटल्या-पेलेही फोडून खावेत. साखरेची ताटली केलीत तर हे जरूर करा, आणि त्याच रात्री करा. मी एक 'आठवण' म्हणून शोकेसमध्ये ठेवली होती. सकाळी तिच्यावर मुंग्यांची रांग होती, आणि कपाटाच्या काचेतून आई ती शांतपणे बघत उभी होती.